प्लग जळला, मग एमसीबी का नाही पडला?

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी घरात जळकट वास सुटला. आधी वाटलं दूध करपलं. मग वाटलं, खाली कोणीतरी रबर जाळतंय. वास हुंगत बाथरूमच्या दाराशी आलो तेव्हा उलगडा झाला. गिझरचा पॉवर पॉइंट! पांढरा सॉकेट एका भोकाभोवती तपकिरी पडला होता. बटण बंद करून थ्री-पिन टॉप ओढायला गेलो तर तो निघेना. फडक्यात धरून उपसला तेव्हा दिसलं की एका पिनेभोवतीचं प्लॅस्टिक मऊ होऊन सॉकेटला चिकटलंय.

वायरमन आला, सॉकेट उघडला, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, "लूज होता, साहेब." नवा सॉकेट, नवा टॉप, वीस मिनिटांत काम उरकून तो गेला. पण शेजारच्या वहिनींची धाकटी, यंदा दहावीला असलेली, दाराला टेकून सगळं बघत होती. ती काही हलेना.

"काका, लूज म्हणजे धड जोडलेलं नाही. म्हणजे करंट कमीच जाणार. मग तापला कसा? आणि एमसीबी का नाही पडला?" (एमसीबी म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच.)

परळच्या आमच्या जुन्या इमारतीत आजवर निदान दहा प्लग जळले असतील. हा प्रश्न कोणी विचारलेला मला आठवत नाही. मीही नाही.

उत्तर सापडायला फक्त एक गुणाकार आणि एक भागाकार यावा लागतो. तो नीट कळला की गिझर, इस्त्री, गणपतीची लाइटिंग आणि हार्बरची लोकल ही सगळी एकाच हिशेबात बसतात.

पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा, रोध आणि विद्युत शक्ती असे शब्द आहेत. घरात आपण व्होल्टेज, करंट आणि वॅट म्हणतो. रोधाला मात्र घरात शब्दच नाही, म्हणून तो पुस्तकातलाच घेऊ.

आमची पाण्याची टाकी गच्चीवर आहे आणि आम्ही चौथ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर. टाकी डोक्यावरच असल्यामुळे आमच्या नळाला करंगळीएवढी धार. तेच पाणी तळमजल्यावर असं येतं की बादलीतून उसळून पायावर पडतं. टाकी नळापेक्षा किती उंच, त्यावर पाण्याचा दाब ठरतो. तो दाब म्हणजे व्होल्टेज. मिनिटाला किती पाणी आलं तो करंट. आणि जुन्या लोखंडी पाइपात वर्षानुवर्षं साचलेला गंज म्हणजे रोध. दाब तोच राहून गंज वाढला तर धार बारीक होणार. उपमा इथवरच बरी. पाइप कापला तर पाणी सांडतं. तार कापली तर वीज सांडत नाही, थांबते. फेजने आलेल्या करंटला न्यूट्रलने परत जायला वाट लागते. ती वाट तुटली की सगळा कारभार बंद.

आता तो भागाकार आणि गुणाकार:

व्होल्ट ÷ अँपिअर = ओहम (रोध)
व्होल्ट × अँपिअर = वॅट (शक्ती)

पाठ करण्याआधी जरा यांचा अर्थ बघू. भाजीवाल्याला आपण विचारतो, किलोचा काय भाव? म्हणजे रुपये भागिले किलो. रोध हा असाच करंटचा भाव आहे: एक अँपिअर हवा असेल तर किती व्होल्ट मोजावे लागतील? २६ ओहम म्हणजे अँपिअरमागे २६ व्होल्ट. ५०० ओहम म्हणजे करंट महाग, २३० व्होल्टात अर्धा अँपिअरसुद्धा मिळणार नाही.

गुणाकाराचं चित्र वेगळं. लोहार चाळीच्या बाजारात एका हातगाडीवर किती पोती आणि तासाला किती हातगाड्या हे कळलं, की तासाला किती माल गेला ते गुणून काढता येतं. विजेत व्होल्टेज सांगतं की विद्युतभाराच्या प्रत्येक खेपेबरोबर किती ऊर्जा आली, आणि करंट सांगतो की सेकंदाला किती खेपा झाल्या. दोन्ही गुणले की सेकंदाला किती ऊर्जा ते मिळतं. तेच वॅट.

आमच्या गिझरवर २००० वॅट, २३० व्होल्ट असं छापलंय. वॅट आणि व्होल्ट माहीत आहेत, म्हणून करंट भागाकाराने मिळेल: २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर. आणि रोध: २३० ÷ ८.७ = साधारण २६.४५ ओहम. हजार वॅटची इस्त्री घ्या. करंट ४.३५ अँपिअर, रोध ५३ ओहम. म्हणजे जास्त वॅटच्या वस्तूचा रोध कमी. बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं. मोठा गिझर म्हणजे मोठी कॉइल, मोठी कॉइल म्हणजे मोठा रोध, असा सरळ हिशेब मनात बसलेला असतो.

छोट्या पॉइंटवर काय चालेल आणि मोठ्यावर काय, हेही याच गुणाकारातून निघतं. ६ अँपिअरचा साधा सॉकेट: ६ × २३० = १३८० वॅट. इस्त्री चालेल, गिझर नाही. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट: ३६८० वॅट. गिझर आरामात. एवढं सांगितल्यावर मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की, मग जळला कशाला? थांब, म्हटलं.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एक मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट, रोध मोजायचं यंत्र, माझ्याकडे आहे. तो रोधाच्या खुणेवर फिरवून दिला आणि सांगितलं, प्लग काढलेल्या वस्तूच्याच पिनांना लावायचा, चालू बोर्डाजवळ न्यायचासुद्धा नाही. (चालू सर्किटमध्ये मल्टिमीटरने करंट मोजण्याचे प्रयोग घरी करूच नयेत. लीड चुकीच्या भोकात राहिली तर मीटर स्वतःच शॉर्ट सर्किट होतो.) गिझरच्या टॉपची जाड पिन अर्थची, ती सोडून उरलेल्या दोन पिनांमध्ये आकडा आला २६ आणि थोडासा वर. इस्त्रीचा ५२. मुलगी खूश. पुस्तकातलं गणित खरंच वस्तूच्या आत बसलंय हे पहिल्यांदा दिसलं की काय वाटतं, ते मला अजून आठवतं.

मग तिला माळ्यावरचा पिवळ्या उजेडाचा १०० वॅटचा जुना बल्ब सापडला. गणित सांगतं: १०० ÷ २३० = ०.४३५ अँपिअर, २३० ÷ ०.४३५ = ५२९ ओहम. मीटरने दाखवले ४१.

"मीटर बिघडला."

मीटर ठीक होता, गणितही ठीक होतं. बल्ब थंड होता. बल्बातली टंगस्टनची तार जळत असताना अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, आणि धातू तापला की त्याचा रोध वाढतो. टंगस्टनचा इतक्या तापमानाला दहापटीहून जास्त होतो. ५२९ हा जळत्या बल्बाचा रोध, ४१ हा माळ्यावरच्या बल्बाचा. बटण दाबल्याच्या क्षणी तार थंडच असते, त्यामुळे डोळ्याचं पातं लवायच्या आत २३० ÷ ४१, म्हणजे साडेपाच अँपिअरच्या वर करंट जाऊ शकतो. जुने बल्ब बहुधा बटण दाबतानाच "टिंग" करून का जायचे, ते यात आलं. गिझरची कॉइल वेगळ्या मिश्रधातूची, निक्रोमसारख्या. तिचा रोध तापल्यावर फारसा हलत नाही, म्हणून तिथे गणित आणि मीटर जुळले.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि शिकवताना ती बहुतेक गाळली जाते. व्होल्ट भागिले अँपिअर ही रोधाची व्याख्या आहे. ती कुठेही, कधीही चालते. ओहमचा नियम त्याच्या पुढचं काहीतरी सांगतो: तापमान वगैरे परिस्थिती तीच ठेवली तर हा भागाकार बदलत नाही, व्होल्टेज दुप्पट केलं तर करंटही दुप्पट होतो. गेऑर्ग सिमोन ओहम जर्मनीत कलोनच्या एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे. त्या वेळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच घसरायचं, मग मापं जुळणार कशी? म्हणून त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली आणि तांबं व बिस्मथ यांचा जोड वापरला. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. अशा जोडात व्होल्टेज तयार होतं ते दोन सांध्यांच्या तापमानातल्या फरकामुळे. तो फरक कायम राहिला, म्हणून व्होल्टेजही स्थिर राहिलं. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून, करंटमुळे टांगलेली चुंबकसुई किती वळते ते मोजलं. १८२७ साली त्यांनी हे सगळं पुस्तकात मांडलं. जर्मनीत सुरुवातीला थंडच स्वागत झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये.

गणपतीच्या दिवसांत हाच भागाकार उपयोगी पडतो. मखराला १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर पांढरे एलईडी लावायचे आहेत. एक एलईडी साधारण ३ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो आणि त्याला २० मिलिअँपिअर करंट पुरतो. उरलेले ९ व्होल्ट कुठेतरी खर्च झाले पाहिजेत, नाहीतर एलईडी क्षणात जाईल. तो खर्च रेझिस्टरवर, म्हणजे ठरावीक रोधाच्या छोट्या तुकड्यावर. किती ओहमचा? ९ ÷ २० = ०.४५, असं करून मुलगी थांबली. ०.४५ ओहमचा रेझिस्टर! दहातले आठ जण इथेच पाय घसरून पडतात. २० मिलिअँपिअर म्हणजे ०.०२ अँपिअर. ९ ÷ ०.०२ = ४५०. बाजारात त्याच्या जवळचा ४७० ओहमचा मिळतो. शक्ती: ९ × ०.०२ = ०.१८ वॅट, म्हणजे पाव वॅटचा रेझिस्टर पुरेल. पण नीट बघा, अडॅप्टरकडून येणाऱ्या ०.२४ वॅटमधले ०.१८ नुसते रेझिस्टर तापवण्यात गेले. तीन एलईडी एकामागे एक जोडले तर त्यांचे ९ व्होल्ट आणि रेझिस्टरला उरले फक्त ३. मग १५० ओहम, ०.०६ वॅट. उजेड तिप्पट, अडॅप्टरवरचा भार तेवढाच.

आता प्लगकडे परत. मुलीने वहीत दोन सूत्रं लिहून आणली होती, आणि खरी गोची त्यांच्यातच होती. वॅट = व्होल्ट × अँपिअर. यात अँपिअरच्या जागी व्होल्ट ÷ ओहम घातलं तर:

वॅट = व्होल्ट × व्होल्ट ÷ ओहम

आणि व्होल्टच्या जागी अँपिअर × ओहम घातलं तर:

वॅट = अँपिअर × अँपिअर × ओहम

पहिलं म्हणतं, रोध वाढला की उष्णता कमी. दुसरं म्हणतं, रोध वाढला की उष्णता जास्त. एकाच सूत्राची दोन पोरं आणि तोंडं दोन दिशांना. "यातलं खरं कुठलं?"

दोन्ही खरी. फक्त, कोणाला खुंटीला बांधलंय ते आधी बघायचं. व्होल्टेज कायम असेल तर रोध वाढल्यावर करंट घटतो आणि शक्ती उतरते. करंट कायम असेल तर उलट.

गिझरला भिंतीतून मिळतं ते व्होल्टेज. ते बाहेरून ठरलंय, गिझरच्या हातात नाही. म्हणून तिथे पहिलं सूत्र वाचावं. समजा, संध्याकाळी भार वाढून व्होल्टेज २०० वर आलं. कॉइल तीच, २६.४५ ओहम. २०० × २०० ÷ २६.४५ = १५१२ वॅट. व्होल्टेज जेमतेम १३ टक्के उतरलं आणि गिझरची ताकद २४ टक्क्यांनी. पाणी तापायला एवढा वेळ का, याचं उत्तर कधीकधी व्होल्टेजच्या या वर्गात असतं.

लूज सांध्याचं तसं नाही. तो गिझरच्या वाटेवर बसलेला आहे. गिझरकडे जाणारा सगळा करंट त्याच्यातूनच जाणार, आणि तो करंट ठरवतो गिझर, कारण वाटेतल्या रोधाचा फार मोठा वाटा गिझरचाच. सांध्याला स्वतःचं मत नाही. मिळेल तो करंट त्याने निमूट पुढे जाऊ द्यायचा.

आकडे घालू. पिन आणि सॉकेटची पितळी पट्टी एकमेकांना नीट टेकलेली नाहीत, तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला असं धरू. दोन्ही एकामागे एक असल्यामुळे बेरीज: २६.४५ + ०.५ = २६.९५ ओहम. करंट: २३० ÷ २६.९५ = ८.५३ अँपिअर. आधी ८.७ होता. म्हणजे मुलीचं बरोबर होतं, करंट कमी झाला. पण किती? पावणेदोन अँपिअर नव्हे, अर्धा नव्हे, ०.१७. आणि सांध्यावरची उष्णता: ८.५३ × ८.५३ × ०.५ = ३६ वॅट.

३६ वॅट ऐकायला किरकोळ वाटतं. पण लॅमिंग्टन रोडवर मिळणारं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, आणि त्याच्या टोकाला सोल्डर पाण्यासारखं वितळतं. गिझरचे १९०० वॅट लांबलचक कॉइलवर पसरलेत, आणि कॉइल पंधरा लिटर पाण्यात बुडालीय. हे ३६ वॅट मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत, चहूबाजूंनी प्लॅस्टिक, वारा नाही, पाणी नाही. जाणार कुठे?

पुढचं आणखी वाईट. तापल्यावर पितळी पट्टीचा ताण जातो, ती पिनेला आणखी सैल धरते. वर काळा थर चढतो. समुद्राची दमट हवा आपल्याकडे बारा महिने आहेच. रोध अर्ध्याचा एक ओहम झाला की उष्णता ७० वॅट. मग आणखी ताप, आणखी सैल. एकदा बिघाड सुरू झाला की तो स्वतःच्याच पायावर वाढत जातो.

मुलीची पहिली शंका, लूज म्हणजे करंट कमी, म्हणजे ताप कमी, ही मुळात चुकीची नव्हती. ती टोकाला खरी आहे. पिन पूर्ण सुटली तर रोध अमर्याद, करंट शून्य, उष्णता शून्य. पिन घट्ट बसली तर रोध शून्याच्या जवळ, उष्णताही शून्याच्या जवळ. मधल्या अर्धवट अवस्थेतच आग असते. गणिताने बघितलं तर सांध्याचा रोध गिझरएवढाच, २६.४५ ओहम झाला की सांध्यावरची उष्णता सर्वांत जास्त, ५०० वॅट. त्याच्या कितीतरी आधी प्लॅस्टिक शरण गेलेलं असतं.

पहिल्या सूत्राने हेच काढता येईल का? येईल, पण तिथे एक खड्डा आहे आणि मुलगी त्यात थेट पडली. २३० × २३० ÷ ०.५ = १,०५,८०० वॅट! एका प्लगात लाखभर वॅट. चूक अशी की २३० व्होल्ट सांध्यावर नाहीतच, ते सांधा आणि गिझर यांच्यात वाटले गेलेत. सांध्याच्या वाट्याला ८.५३ × ०.५ = ४.२७ व्होल्ट. आता ४.२७ × ४.२७ ÷ ०.५ करा. पुन्हा ३६. ज्याचा रोध घेतलात, त्याचंच व्होल्टेज घ्यायचं. शेजाऱ्याचं नाही.

आणि एमसीबी? त्याच्या नजरेने बघा. तो १६ अँपिअरचा. त्याला दोनच गोष्टी कळतात: बराच वेळ जास्त करंट गेला तर आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते, आणि शॉर्ट सर्किटमध्ये एकदम प्रचंड करंट आला तर चुंबकाची कॉइल झटक्यात दांडी पाडते. आपल्या प्लगात ८.७ चा ८.५३ झालाय. एमसीबीच्या दृष्टीने परिस्थिती कालच्यापेक्षा सुधारली आहे. तो कशाला पडेल?

माणसाच्या बाबतीतही तो तितकाच आंधळा आहे. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या घरात येऊ शकतो. २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. जीव जायला हे पुरेसं आहे, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला याची चाहूलही लागत नाही. म्हणून बाथरूमच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला का, हे तो सतत ताडून बघतो. ३० मिलिअँपिअरची तूट दिसली की तोडून टाकतो. प्लगच्या सांध्यात मात्र करंट गळत नाही, गेला तेवढा परत येतो, म्हणून तोही आमच्या कामाचा नव्हता.

वाटेतल्या रोधाचा हाच उपद्रव मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर लोकलच्या डोक्यावरची तार बघा. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला, हार्बर मार्गावर, देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटवर. समजा, गाडीला जोर धरताना ३० लाख वॅट हवेत. १५०० व्होल्टवर करंट २००० अँपिअर. हे दोन हजार अँपिअर सबस्टेशनपासून गाडीपर्यंत तारेतून यायचे, आणि तारेलाही थोडा का होईना रोध असतोच. तारेतली नासाडी करंटच्या वर्गाने वाढते. म्हणून जाडजूड तारा आणि थोड्याथोड्या अंतरावर सबस्टेशनं. आता व्होल्टेज २५,००० करा. तेच ३० लाख वॅट, करंट फक्त १२० अँपिअर. करंट सुमारे १७ पट कमी, आणि त्याच तारेतली नासाडी १६.७ चा वर्ग, म्हणजे पावणेतीनशे पटींहून कमी. पश्चिम रेल्वेने हा बदल २०१२ मध्ये पुरा केला, मध्य रेल्वेचा हार्बर मार्ग २०१६ मध्ये बदलला. ज्या मार्गावर १५०० व्होल्ट पहिल्यांदा आले, तिथूनच ते सर्वांत शेवटी गेले.

घरातला पुरवठा एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या करंटचा. त्यावर एक पथ्य पाळायचं. गिझर, इस्त्री, जुना बल्ब यांना वरचा सगळा हिशेब जसाच्या तसा लागू. पंखा, फ्रिज, मिक्सर यांत मोटर असते, तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की वॅट येत नाहीत, व्होल्ट-अँपिअर येतात. खरे वॅट त्याहून कमी, कारण व्होल्टेज आणि करंट यांची लाट एका वेळी वर चढत नाही. इन्व्हर्टरवर वॅटऐवजी व्हीए छापलेलं असतं ते यामुळे. पंख्याचा रोध मल्टिमीटरने मोजून २३० ला त्याने भागलं तर भलताच करंट येईल. ते गणित मोटरला लागू नाही, एलईडी बल्बलाही नाही.

संध्याकाळी मुलीने विचारलं की प्लगला हात न लावता गिझरचे खरे वॅट मोजता येतील का. येतात. मीटर रूममधल्या आमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी बारीक अक्षरात ३२०० असा आकडा छापलाय. म्हणजे ३२०० लुकलुकी झाल्या की एक युनिट. (मीटरगणिक हा आकडा वेगळा असतो, आपापला बघून घ्यावा.) एक युनिट म्हणजे एक किलोवॅट तासभर, ३६ लाख ज्यूल. (एक वॅट एक सेकंद चालला की एक ज्यूल.) युनिटच्या ज्यूलना ३२०० ने भागलं की एका लुकलुकीचे ११२५ ज्यूल.

घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा, फक्त गिझर चालू ठेवला. मी जिन्याखाली मीटरसमोर मोजायला, ती वर फोनवर, स्टॉपवॉच लावून. एका मिनिटात बरोबर १०० लुकलुकी. १०० × ११२५ ÷ ६० = १८७५ वॅट.

"दोन हजार पाहिजेत ना? पुन्हा लूज आहे का?"

नव्या सॉकेटवर तिने बोटाची मागची बाजू टेकवून पाहिली. जेमतेम कोमट. मग मी तिला म्हटलं, कॉइलचा रोध माहीत आहे, वॅट आत्ता मिळाले, आता व्होल्टेज तूच काढ. फोनवर जरा शांतता, पेन्सिलीचा आवाज. १८७५ × २६.४५, त्याचं वर्गमूळ.

"दोनशे तेवीसच्या जरा खाली."

वर येऊन चालू सॉकेटवर मीटर मीच लावला, तिला हात मागे बांधायला लावून. २२४.